एकशे आठ नावांचा गारवा

मैथिलीने एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा आंबोशीच्या धक्क्यावरची सकाळ पाहिली, आणि तीही कपाळाला आठ्या घालून.

"आई, आधी तापमापक दाखव."

शुभदाने पितळी नळीतलं तापमापक मुकाट्याने तिच्या हातात दिलं. काल संध्याकाळी गाडीतून उतरल्यापासून लेक नुसती धुसफुसत होती. पोह्यांना हात लावला नाही, घरात कोण आलं कोण गेलं पाहिलं नाही. एकच पालुपद: "तुझा आकडा बाकी कशाशी जुळत नाही."

मैथिलीने तापमापक उलटसुलट केलं, आपल्या पिशवीतल्या नव्या डिजिटल तापमापकाशी ताडून पाहिलं, आणि तिच्या आठ्या आणखी खोल गेल्या. दोन्ही अगदी सारखी होती.

"बरोबर आहे ना?" शुभदाने विचारलं.

"तेच तर! बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं."

कार्तिकाचा महिना, पहाटेचं स्नान झालेलं, अजून तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. नेम पुरा होईपर्यंत घ्यायचाही नव्हता. सव्वीस वर्षं शुभदा आंबोशीची सागरनिरीक्षक होती. काम म्हटलं तर एवढंसं: रोज सकाळी साडेसहाला धक्क्याच्या टोकाशी जायचं, दोर बांधलेली कॅनव्हासची बादली समुद्रात सोडायची, भरून वर ओढायची, तापमापक बुडवायचं आणि आकडा शेडमधल्या यंत्राला सांगायचा. पण त्यात एका दिवसाचा खाडा नव्हता. अंगात ताप असो, घरात लग्न असो, धक्क्यावर शुभदाकाकी दिसली नाही असं आंबोशीत कुणी म्हणू शकत नव्हतं.

आणि या एवढ्याशा आकड्यावर, आता २०४७ सालात, मोठमोठी गणितं उभी होती. उपग्रहाला समुद्राची फक्त वरची कातडी दिसते, आणि ढग आले की तीही दिसत नाही. पाण्यात सोडलेल्या यंत्रांवर चार महिन्यांत कालवं चिकटतात. म्हणून किनाऱ्यावरचे अकरा धक्के आधार धरले होते. तिथली माणसं सांगतील तो आकडा खरा, आणि बाकीची यंत्रं त्याला जुळवून घ्यायची. त्या अकरांत आंबोशीचा मान पहिला. एवढी सलग, एवढी नेमाची नोंद दुसरीकडे नव्हती.

शुभदाने बादली सोडली. पाणी कसं निवांत होतं. डोंगराकडून मतलई वारा येत होता, कोरडा, गालाला खेटून जाणारा. तिने भरलेली बादली कठड्यावर ठेवली, तापमापक आत सोडलं, डोंगरामागे तांबडं फुटत होतं तिकडे तोंड केलं, हात जोडले आणि डोळे मिटले.

मित्राय नमः. रवये नमः. सूर्याय नमः.

मागे मैथिलीची चुळबुळ ऐकू आली. मग "आई?" मग जरा मोठ्याने, "आई!" शुभदाने नुसता तळवा वर केला. मग मागचा आवाज एकदम थांबला. बादलीतून कठड्यावर थेंब पडत होते, त्यांची टपटप तेवढी ऐकू येत होती.

एकशे आठावं नाव झालं. तिने वाकून नमस्कार केला, वळली, चष्मा लावला आणि आकडा वाचला. "अठ्ठावीस पूर्णांक दोन."

तेवढ्यात नेहमीप्रमाणे फोन वाजला. शेजारच्या मुरडी धक्क्यावरचा मोरेश्वर चोगले. दोन शेजारधक्क्यांनी रोज एकमेकांना आकडा सांगायचा, असा नियम होता.

"काय मयेकरताई, किती?"

"अठ्ठावीस दोन."

"आमच्याकडे एकोणतीस एक. तुमच्या समुद्रात बर्फ टाकतात की काय हो? पंधरा वर्षं ऐकतोय, तुम्ही आपल्या नेहमी गार."

"तुम्ही जरा सावकाश वाचत चला, चोगलेभाऊ," शुभदा नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली.

"सावकाश? मासळी काय माझी वाट बघत थांबते?" तो हसला. "बरं, आज आम्ही निवांत. साय आमच्याकडे येतेय ना, उद्याच्या वादळाची भीती कुणाला! होड्या तशाच बंदरात. ठेवतो."

फोन ठेवून शुभदा वळली, तर मैथिली कठड्याला धरून उभी होती. हातात तिचं डिजिटल तापमापक. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच शुभदाला जास्त लागलं.

"आई, बादली वर आली तेव्हा पाणी एकोणतीस होतं," ती म्हणाली. "मी तेव्हाच बुडवलं होतं. मग मी नुसती बघत राहिले. एकोणतीस. अठ्ठावीस नऊ. अठ्ठावीस सात. तुझे हात जोडलेले, आणि इथे आकडा उतरतोय. सहा मिनिटं चाळीस सेकंद."

"मग?"

"घरात माठ आहे ना आपल्याकडे?"

पुढचं सांगायची गरज पडली नाही. माठ शुभदाला ठाऊक होता. मे महिन्यात, वारा कोरडा असताना, माठातलं पाणी दाताला झिणझिण्या आणतं. आणि आषाढात तोच माठ, तेच पाणी, पण हवाच इतकी ओली की पाणी नुसतं पाण्यासारखं. माठ पाझरतो, पाझरलेलं उडून जातं, आणि उडताना आतली ऊब घेऊन जातं. हवा कोरडी, वारा वाहता, तर जास्त उडतं. हवा ओली, वारा पडलेला, तर उडतच नाही.

तिने कॅनव्हासच्या बादलीकडे पाहिलं. सगळं अंग ओलं. वरून कोरडा मतलई वारा.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि कठड्यावर बसली.

---

साय हे नाव लोकांनी दिलं होतं. मैथिली जिथे नोकरी करत होती त्या हवामान केंद्राने दिलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. नारळाच्या तेलातूनच काढलेला एक मेणासारखा पदार्थ जहाजांतून समुद्रावर फवारायचा. त्याचा थर इतका पातळ की एका रेणूएवढा. पण दुधावर साय धरली की वाफ जशी आतच कोंडते, तसं त्या थराखाली समुद्राचं पाणी उडायचं थांबतं. आणि वादळाचं पोट भरतं ते त्या उडणाऱ्या पाण्यावर. समुद्र वाफ देतो, वाफेबरोबर ऊब देतो, ती ऊब वर जाऊन ढगांत मोकळी होते आणि वादळ फुगतं. वाटेतला घास काढून घेतला की ते कोमेजतं.

फक्त साय घालायची तर वारा पडलेला असताना. एकदा वारा चढला की लाटा तिच्या चिंध्या करतात. आणि जहाजं दोनच. म्हणून वादळ सहाशे किलोमीटरवर असतानाच ठरवावं लागे, साय कुठे घालायची. ते ठरवायचं केंद्रातलं गणित-यंत्र, सागरमान. त्याने हिशेब मांडला होता: आंबोशीसमोरचं पाणी गार आहे, तिकडून वादळाला खायला मिळणार नाही. ते उत्तरेला, मुरडीच्या गरम पाण्याकडे वळेल. साय मुरडीला.

"आणि खरं तर?" शुभदाने विचारलं.

"खरं तर दोन्हीकडे पाणी सारखंच तापलंय. मग वादळाला वळायचं कारणच नाही. ते सरळ आपल्यावर येईल." मैथिली घड्याळ पाहत होती. "जहाजं अकरापर्यंत वळली तर पोचतील. संध्याकाळी वारा चढणार. चल, आकडा भर. खरा."

शेडमधल्या यंत्रासमोर उभी राहून शुभदाने स्वच्छ आवाजात सांगितलं, "आंबोशी. एकोणतीस पूर्णांक शून्य."

"नमस्कार, शुभदाजी," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "आकडा विसंगत वाटतो. कोरड्या मतलई वाऱ्याच्या दिवशी आपल्या धक्क्याचा अपेक्षित आकडा अठ्ठावीस पूर्णांक दोन. कृपया पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा बादली काढली. पुन्हा एकोणतीस.

"कृपया पुन्हा मोजा."

तिसऱ्यांदा काढली. शुभदाचे खांदे भरून आले होते.

"आपली नोंद दुरुस्त करून अठ्ठावीस पूर्णांक दोन अशी घेतली आहे," यंत्र म्हणालं. "सहकार्याबद्दल धन्यवाद."

"दुरुस्त!" मैथिलीने शेडच्या पत्र्यावर हात आपटला. "बावळट कुठलं! तुझ्याच जुन्या आकड्यांवर शिकलंय ते, आणि आता तुलाच शिकवतंय."

"पत्र्याने काय केलंय तुझं," शुभदा पुटपुटली. सव्वीस वर्षं या यंत्राने तिचा शब्द झेलला होता. आज पहिल्यांदा ती खरं सांगत होती, तर ते ऐकायला तयार नव्हतं.

---

केंद्रातले सबनीस पडद्यावर दिसायला साडेआठ वाजले. हातात चहा, मागे देवाच्या तसबिरीला ताजा हार.

"मैथिली, तुम्ही रजेवर ना? आणि ताई, नमस्कार, नमस्कार. काय म्हणतेय आंबोशी?"

मैथिलीने भराभरा सगळं सांगितलं. बादली, वारा, सहा मिनिटं चाळीस सेकंद. सबनीसांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणजे तुमचं म्हणणं, आंबोशीचा आकडा चुकीचा."

"हो."

"हे तुम्ही कशाच्या आधारावर ठरवलंत?"

"मी मोजलं, सर! माझ्या डोळ्यांसमोर!"

"पण आंबोशीचा आकडा हाच आमचा आधार आहे. आधाराला कशाने तपासायचं? मुरडीच्या आकड्याने? त्या चोगल्यांना तर आम्ही तीनदा खुलासा मागितलाय, तुमचा समुद्र शेजाऱ्यापेक्षा गरम कसा म्हणून. ताईच म्हणाल्या होत्या तपासणीच्या वेळी, ते जरा घाई करतात."

शुभदाने मान खाली घातली. म्हणाली होती ती. वाईट मनाने नव्हे. कुणाचं नावही घ्यायचं नव्हतं तिला, पण साहेबांनी विचारलं आणि तोंडातून गेलं. तो माणूस बादली काढून तडक वाचतो, ना नमस्कार, ना श्वास. तिला मनापासून वाटलं होतं, अशाने काय आकडा बरोबर येणार!

"तुम्ही रीतसर तक्रार करा," सबनीस म्हणाले. "समिती तीन दिवस पाहणी करेल."

"वादळ उद्या आहे, सर."

"म्हणून तर घाईने काही करता येत नाही."

मैथिलीने डोळे मिटून दहा आकडे मोजले असावेत. "आणि निरीक्षकाने स्वतःच नोंदी मागे घेतल्या तर?"

सबनीसांचा कप अर्ध्यावर थांबला. "तशी तरतूद आहे. निरीक्षकाला स्वतःच्या नोंदी कधीही मागे घेता येतात. मग सागरमान त्या सोडून नव्याने हिशेब करतो. पण मागे घेतल्या की परत घालता येत नाहीत. आणि कोण घेईल? सबंध आयुष्याचं काम, ताई! तुमच्या नोंदीवर किती अभ्यास झालेत. तुमच्या मुलीचाच..."

"ठेवते, सर," मैथिली म्हणाली आणि पडदा बंद केला.

---

"मागे नाही घ्यायच्या," मैथिली शेडमध्ये येरझारा घालत होती. "दुरुस्त करायच्या. आई, ऐक. वारा किती, हवा किती कोरडी, हे रोजचं इथल्या यंत्रात आहे. तू किती वेळ थांबतेस ते कळलं की बादली रोज किती गार झाली ते काढता येईल. तासाभराचं काम. तू रोज तेवढाच वेळ घेतेस ना? नक्की?"

"नक्की. एकशे आठ नावं म्हणजे एकशे आठ." शुभदा थांबली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "एकादशी सोडून."

"एकादशीला काय?"

"एकादशीला तीन आवर्तनं करते."

मैथिलीच्या येरझारा थांबल्या.

"दर एकादशीला? दोन्ही?"

"शुद्ध आणि वद्य. का गं?"

मैथिली हळूच खाली बसली, फळ्यांच्या बाकावर. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण साऱ्या देशात वाचलं गेलं होतं. आंबोशीचा समुद्र दर पंधरवड्याला एक दिवस गार होतो, हे तिने शोधून काढलं होतं. उधाणाच्या भरतीने खालचं थंड पाणी वर येतं, असं तिने सिद्ध केलं होतं. ते उधाणाच्या चार दिवस आधीच का येतं, याचं उत्तर शोधण्यात तिची दोन वर्षं गेली होती. उत्तरही सापडलं होतं. त्याला पदकही मिळालं होतं.

"चार दिवस आधी," ती स्वतःशीच म्हणाली. "अकरा आणि चार, पंधरा. मला कसं दिसलं नाही?"

"मैथिली..."

"आणि आठ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये? दहा दिवस समुद्र एकदम तापला होता, तो? चौथं प्रकरण?"

शुभदाला आठवायला वेळ लागला नाही. "सासूबाई गेल्या. सुतक होतं. सुतकात नामजप कसा करणार? नुसता आकडा वाचून घरी यायचे."

मैथिली हसायला लागली. ते हसू काही शुभदाला बरं वाटलं नाही. हसता हसता तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस, आई?"

"तू कधी विचारलंस? पाच वर्षं माझ्या आकड्यांवर अभ्यास केलास, आणि एकदा तरी सकाळी सहाला उठून आलीस? दर वेळी म्हणायचीस, आई, झोपू दे, फाईल मेलवर येते मला." शुभदाचा आवाज चढला नव्हता, पण काठाशी आला होता. "मला वाटायचं, शिकलेली पोर आहे. तिला ठाऊक असेल."

शेडबाहेर मतलई वारा मंदावत चालला होता. थोड्या वेळाने तो उलटा फिरून समुद्रावरून खारा होऊन येणार होता, रोजच्यासारखा.

"ठीक आहे," मैथिली अखेर म्हणाली. "एकादशी तीनपट धरू. सुतकाचे दिवस शून्य. तरीही काढता येईल. बाकी सगळे दिवस तेवढाच वेळ ना?"

एक गोष्ट अजून राहिली होती. हे तिने देवालासुद्धा हळूच सांगितलं होतं.

"मन भरकटलं की मी पुन्हा पहिल्यापासून म्हणते," ती म्हणाली. "कधी तिसाव्या नावाला लक्षात येतं, कधी नव्वदाव्या. तू पुण्याला होतीस आणि फोन करत नव्हतीस, त्या सबंध वर्षात एकदा तरी सरळ झालं असेल का, ठाऊक नाही. ते कुठे लिहून नाही ठेवलेलं मी."

म्हणजे हिशेब होणार नव्हता.

सव्वानऊ वाजले होते.

"तुझं काय होईल?" शुभदाने विचारलं.

"पदक परत. प्रबंध परत. लोक हसतील." मैथिलीने खांदे उडवले. "तुझं?"

लोक काय म्हणतील याची शुभदाला तितकी टोचणी नव्हती. तिला बोचत होतं वेगळंच. देवाला सहा मिनिटं दिली, त्यात काही चुकलं नव्हतं. पण ती सहा मिनिटं तिची नव्हती, आकड्याची होती. दुसऱ्याची वस्तू उचलून तिने बावीस वर्षं देवापुढे ठेवली, आणि वर त्याचं समाधान मानलं. जप आधी घरी करून येता आला असता. आकडा वाचून मग करता आला असता. एवढी साधी गोष्ट सुचू नये?

ती उठून यंत्रासमोर गेली.

"नोंदी मागे घ्यायच्या आहेत."

"कोणत्या तारखेपासून, शुभदाजी?"

पहिली चार वर्षं ती फक्त बारा नावं म्हणायची, मिनिटभरात होणारी. तेवढा वेळ तापमापकाला स्थिरावायला लागतोच. तारीख तिला तोंडपाठ होती.

"सव्वीस ऑगस्ट, दोन हजार पंचवीस."

मागे मैथिलीने मान वर केली. "मी दवाखान्यात होते तेव्हा. लेप्टो झाला होता."

"पाचवा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येत नाही. बाबा दुबईला." शुभदा यंत्राकडेच पाहत बोलत होती. "सकाळी इथे आले, बादली काढली, आणि सूर्याला म्हटलं, पोर घरी येऊ दे, बाराची एकशे आठ म्हणेन, समुद्राचं ताजं पाणी समोर ठेवून, मरेपर्यंत."

"नोंद मागे घेण्याचं कारण निवडा," यंत्र म्हणालं. "आजारपण. गैरहजेरी. उपकरणातील बिघाड. हेतुपुरस्सर फेरफार. इतर."

"इतर."

"कारण थोडक्यात सांगा."

शुभदाने जरा विचार केला. बावीस वर्षांचं थोडक्यात काय सांगणार? "नामजपाला वेळ लागला," ती म्हणाली. "चूक माझी."

"आठ हजारांहून अधिक नोंदी कायमच्या मागे घेतल्या जातील. निश्चित?"

तिने लेकीकडे पाहिलं. मैथिली उठून आली, आईच्या खांद्याशी खांदा लावून उभी राहिली आणि नाकाने सूं करून म्हणाली, "हो म्हण. नाहीतर ते पुन्हा मोजायला लावेल."

"निश्चित," शुभदा म्हणाली.

---

सागरमानाला नवा हिशेब करायला वीस मिनिटं लागली. दहा वाजून पाच मिनिटांनी जहाजांना आदेश गेला. साय आंबोशीला.

बातमी गावात पसरायला त्याहून कमी वेळ लागला. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बावकर धावतच धक्क्यावर आले. "काकी! अहो, वाचवलंत की गावाला! साय आपल्याकडे वळली!" त्यांच्या मागून आणखी पाचसात जण. कुणी मैथिलीच्या पाठीवर थाप मारली, कुणी फोटो काढायला लागलं.

"मुरडीला कळवलं का कुणी?" शुभदाने विचारलं.

"केंद्र कळवेल की."

"कधी?"

बावकरांनी मैथिलीकडे पाहिलं. मैथिलीने फोनवर पाहिलं आणि ओठ आवळले. "पुढचं जाहीर निवेदन दुपारी चारला."

"चारला तर वारा चढायला लागेल! त्यांच्या होड्या पाण्यात आहेत. वादळ आपल्याकडे आलं तरी त्याचा पदर त्यांना लागणारच ना? बावकर, आपले चार टेम्पो, ट्रॅक्टर, माणसं पाठवा तिकडे. आपल्याला तर आता साय आहे."

"काकी, आपल्याही होड्या ओढायच्यात. साय असली तरी..." बावकर मान खाजवत म्हणाले. "मुरडीवाले बघतील त्यांचं. मागच्या साली जाळ्यांच्या भांडणात त्यांनी आपल्याला काय मदत केली?"

शुभदाला वाटलं, इथे कुणाशी आणि किती वेळा तेच तेच बोलायचं? सकाळपासून ती खरं सांगत होती, आणि प्रत्येक जण तिला दुसरंच काहीतरी ऐकवत होता. तिने फोन उचलला.

"काय ताई, आज दोनदा?" चोगल्याचा आवाज मजेत होता. मागे कुणीतरी गाणं लावलं होतं.

तिने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, जपासकट, तपासणीच्या वेळी साहेबांना काय म्हणाली त्यासकट. पलीकडचं गाणं बंद झालं.

"म्हणजे पंधरा वर्षं मी बरोबर होतो," चोगले म्हणाला.

"हो."

"तीन खुलासे लिहिले मी. माझ्या बायकोने लिहिले, मला कुठे येतंय ते साहेबी मराठी. गावात मला गरम पाण्याचा चोगले म्हणतात. आणि तुम्ही रोज सकाळी मला सावकाश वाचायला सांगत होतात."

"चुकले मी, चोगलेभाऊ. माफी..."

"माफीचं राहू दे. साय येणार नाही, हे नक्की?"

"नक्की. जहाजं वळली."

"वारा कधी?"

"चारच्या सुमारास."

"मग फोन ठेवा, ताई. बेचाळीस होड्या आहेत माझ्याकडे." आणि त्यानेच ठेवला.

शुभदाने पदर खोचला. "मैथिली, गाडी काढ."

"तू जाऊन काय करणार तिथे? साठीला आलीस!"

"काढतेस की मी एसटीने जाऊ?"

बावकर काहीतरी म्हणत होते. त्यांनी ते संपवायच्या आत गाडी धक्का सोडून रस्त्याला लागली होती. मैथिलीने आरशात पाहिलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. आंबोशीचा एक ट्रॅक्टर मागे येत होता. एकच. कोण चालवतंय ते धुळीत दिसेना.

मुरडीच्या वाळूवर त्या पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. सबंध गाव उतरलं होतं. खाली ओंडके टाकले होते, होड्या एकेक करून वर सरकत होत्या, बायका, म्हातारे, सगळे दोराला. पाण्यात अजून वीसेक होड्या डुलत होत्या. समुद्र अगदी निरागस दिसत होता.

चोगले गुडघाभर पाण्यात उभा होता. शुभदाने त्याला आजवर कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. उंच, काळा, डोक्याला पंचा. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या खोचलेल्या पदराकडे, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे. तिने हात जोडले आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"ते नंतर, ताई," तो म्हणाला, आणि दोराचं ओलं टोक तिच्या जोडलेल्या हातांत दिलं. "आता ओढा."